‘आहे तसं’ आणि ‘समजलं तसं’: इतिहासाच्या डिजिटल कामातले दोन रकाने

एक्सेलच्या एका चौकटीत १४-१-१९६१ अशी तारीख टाका आणि खालच्या चौकटीत १४-१-१७६१. पहिली तारीख उजव्या कडेला सरकते, दुसरी डावीकडेच बसून राहते. एक्सेलचं कॅलेंडर १ जानेवारी १९०० ला सुरू होतं. त्याआधीची तारीख त्याच्या लेखी तारीख नाहीच, नुसता मजकूर. १८९० ते १९१० असा काळ असेल तर गोंधळ आणखी वाढतो: अर्ध्या ओळी तारखा, अर्ध्या मजकूर. क्रम लावला की आधी अख्खं विसावं शतक येतं आणि त्याच्याखाली एकोणिसावं, तेही वर्षाच्या नव्हे, दिवसाच्या आकड्याने लागलेलं. वर २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस एक्सेल बिनतक्रार मान्य करतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ती चूक जाणूनबुजून ठेवलेली आहे.

उपाय साधा आहे. वर्ष, महिना, दिवस असे आकड्यांचे तीन वेगळे रकाने करायचे (हे ‘समजलं तसं’) आणि कागदावरची तारीख जशी लिहिली आहे तशी चौथ्या रकान्यात मजकूर म्हणून ठेवायची (हे ‘आहे तसं’). हा चौथा रकाना बहुतेक जण गाळतात आणि प्रकल्प तिथेच पांगळा होतो. जुनी पत्रं छापताना आपण किती काळजी घेतो! वाचता न आलेल्या जागी टिंबं, आपण भरलेलं अक्षर चौकटी कंसात, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह. तोच माणूस स्प्रेडशीट उघडतो आणि कागदात काय आहे व आपल्याला काय समजलं हे बेलाशक एकाच चौकटीत कोंबतो. सहा महिन्यांनी ‘१७६१’ हे कागदावर होतं की आपण काढलं, हे त्यालाही सांगता येत नाही.

तारखांचंच बघू. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून आजचं ग्रेगोरियन घेतलं तेव्हा २ सप्टेंबर १७५२ नंतरचा दिवस १४ सप्टेंबर होता, आणि इंग्लंडात त्याआधी वर्ष २५ मार्चला बदलायचं. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या रीतीने ११ फेब्रुवारी १७३१ चा, आजच्या रीतीने २२ फेब्रुवारी १७३२ चा. जन्म एकच, पण दिवस आणि वर्ष दोन्ही वेगळे. रशियात कॅलेंडरचा हा बदल १९१८ साली झाला, म्हणजे एकाच काळातल्या लंडन आणि मॉस्कोच्या पत्रांची नुसत्या तारखेवरून सांगड घातली की उत्तर पत्राच्या आधी पोचतं.

मराठी कागदांचा शुहूर सन, म्हणजे अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेलं साल, तर याहून मजेदार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे साल मृगाला सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००. जून १७६० आणि पानिपताचा जानेवारी १७६१ हे दोन्ही ११६१ मध्येच येतात. एक्सेलमध्ये सरसकट ‘अधिक ६००’ चं सूत्र खाली ओढलं की पावसाळा आणि दसरा-दिवाळीचे सगळे कागद वर्षभर पुढे सरकतात. त्यातून कागदावर नुसतं ‘इहिदे सितैन’ असेल तर शतक आपणच ठरवलेलं असतं. ते कशावरून ठरवलं हे लिहायला रकाना लागतो.

म्हणून तारखेसाठी किमान पाच रकाने लागतात: मूळ मजकूर, कालगणना, रूपांतरित तारीख, खात्री, आणि रूपांतर कशावरून केलं. ‘खात्री’साठी स्वतःच्या खुणा शोधू नका. आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१९ सालच्या दुसऱ्या भागात त्याची सोय आहे: वर्षापुढे प्रश्नचिन्ह म्हणजे शंका, लाटेची खूण म्हणजे ‘सुमारे’, आणि माहीत नसलेल्या आकड्याच्या जागी एक्स. ‘१७५० च्या आसपास’, ‘१७५० च्या दशकात’ आणि ‘१७५०, पण खात्री नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही ठिकाणी नुसतं १७५० लिहिलं की आलेखात त्या वर्षी एक उंच सुळका उभा राहतो आणि कोणीतरी त्यावर शोधनिबंध लिहितो.

ही शिस्त मोठ्या प्रमाणावर पाळलेली बघायची असेल तर अटलांटिकपारच्या गुलामव्यापाराचा माहितीसंच उघडा. १९९९ साली तो सीडीवर आला तेव्हा त्यात २७,२३३ सफरी होत्या, आज वेबवर ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ या नावाने ३६,००० हून जास्त आहेत. जहाजावर किती माणसं चढवली हा आकडा बऱ्याच सफरींच्या कागदांत मिळत नाही. तिथे इतर सफरींवरून अंदाज बांधला आहे, पण तो वेगळ्या चलात, नावाच्या शेवटी ‘आयएमपी’ अशी खूण लावून. ज्याला अंदाज नको त्याने ते रकाने सोडून द्यावेत, ज्याला पद्धत पटत नाही त्याने स्वतःचा अंदाज बांधावा. इतिहासाच्या माहितीसंचाचा प्रामाणिकपणा रंगीत नकाशात दिसत नाही, अशा प्रत्ययात दिसतो.

आता थोडं मागे, वाचनकक्षात. तिथल्या चुका पुढे दुरुस्त होत नाहीत, कारण परत जायला रजा आणि पैसे दोन्ही लागतात. पेटी उघडली की पहिला फोटो पेटीवरच्या चिठ्ठीचा, दुसरा फाइलच्या कव्हरचा, मग पानं. फाइल संपली की कव्हर पुन्हा एकदा, म्हणजे फोटोंच्या रांगेत फाइल कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते नंतर दिसतं. कोऱ्या वाटणाऱ्या पाठीमागच्या बाजूचाही फोटो घ्या. पावतीचा शेरा, शिक्का, पत्ता सगळं तिथेच असतं. घेतला नाही तर ‘मागे कोरं होतं’ आणि ‘मागे बघितलंच नाही’ यांतला फरक कायमचा पुसला जातो. आयफोन हाइक (एचईआयसी) प्रकारात फोटो साठवतो आणि अनेक प्रोग्रॅम ते उघडत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन आधीच जेपेग करून ठेवा. आणि वाचनकक्षात फोटो घ्यायची परवानगी म्हणजे तो वेबसाइटवर टाकायची परवानगी नव्हे. दुसरी परवानगी वेगळी, लेखी आणि बहुधा संथ असते. तिचा अर्ज पहिल्याच आठवड्यात जायला हवा.

फाइलची नावं रोमन लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता, आणि आकडे शून्यांसकट ठेवा. पान ७ ला ‘०००७’ म्हटलं नाही तर अनेक प्रोग्रॅम १० ला २ च्या आधी नेऊन बसवतात. नावात संस्थेची खूण, संग्रह, पेटी, फाइल आणि पान एवढंच असावं. विषय, व्यक्ती, ‘महत्त्वाचं’, ‘पुन्हा बघणे’ हे नावात घालायचं नाही, कारण विषयाबद्दलचं मत बदलतं आणि नाव बदललं की सगळे दुवे तुटतात.

फोटो लावायला ट्रॉपी हा मोफत प्रोग्रॅम इतिहासकारांसाठीच बनवलेला आहे. संदर्भ जपणारा झोटेरो (२००६) आणि संग्रह वेबवर मांडणारा ओमेका (२००८) हे प्रोग्रॅम ज्या केंद्रातून आले, त्या रॉय रोझेनझ्वाइग यांनी १९९४ साली जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू केलेल्या केंद्रातूनच तो २०१७ साली आला. पाच फोटो मिळून एक पत्र, अशी जोडणी त्यात होते आणि पत्राची माहिती एकदाच भरावी लागते. मेख अशी की ‘ॲडव्हान्स्ड’ प्रकारच्या प्रकल्पात ट्रॉपी फोटोंची प्रत करत नाही, फक्त ते कुठे आहेत एवढं लक्षात ठेवतो. नंतर फोल्डर हलवलात की चौकटी रिकाम्या दिसू लागतात. घाबरून फोटो पुन्हा आयात करू नका, नाहीतर टिपणं एकीकडे आणि फोटो दुसरीकडे अशी दुहेरी यादी होते. हरवलेले फोटो शोधून पुन्हा जोडायची आज्ञा मेनूत आहे. त्याहून बरं म्हणजे फोल्डर आधी ठरवायचं आणि मगच आयात करायची.

जागेचा हिशोबही आधी करा. ए-फोर आकाराचं पान ४०० पीपीआयने (इंचामागे ४०० ठिपके), २४ बिट रंगात, न दाबता टिफ म्हणून साठवलं तर सुमारे ४६ एमबी होतं. अशी दहा हजार पानं म्हणजे ४६० जीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या तर १.४ टीबीच्या जवळपास. वाचून टिपणं काढायला फोनचा जेपेग पुरतो. मूळ कागदाची जागा घेईल अशी प्रत करणं हे वेगळं काम आहे, त्याला स्कॅनर, रंगपट्टी आणि प्रशिक्षित माणूस लागतो. अनुदानाच्या अर्जात पहिल्या कामाला दुसऱ्याचं नाव देण्याची सवय फार वाईट. तपासायला आलेला माणूस मग रंगपट्टी मागतो.

लिप्यंतराकडे वळू, कारण सध्या सगळ्यांना तिथेच जादू दिसते. हस्तलिखित वाचणाऱ्या यंत्रप्रणालींत ट्रान्सक्रिबस सर्वांत परिचित आहे. एका हस्ताक्षरासाठी मॉडेल शिकवायचं तर ५,००० ते १५,००० शब्द, म्हणजे साधारण २५ ते ७५ पानं, हाताने अचूक उतरवून द्यावी लागतात. निकाल येतो तो अक्षरचुकीच्या टक्केवारीत. ‘फक्त ५ टक्के चूक’ ऐकून हुरळून जाण्याआधी गुणाकार करा. चुका सारख्या विखुरलेल्या धरल्या तर पाच अक्षरांचा शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता ०.९५ चा पाचवा घात, म्हणजे ७७ टक्के. जवळजवळ दर चौथा शब्द चुकलेला. आठ अक्षरांचं आडनाव शोधलंत तर एक तृतीयांश जागी ते सापडणारच नाही, आणि सापडलं नाही हे कळणारही नाही. चूक २ टक्क्यांवर आणली तरी पाच अक्षरी शब्दांत दहातला एक जातो.

ती टक्केवारी कशावर मोजली हेही विचारा. तपासणीची पानं शिकवणीच्याच वहीतली असतील तर आकडा गोड येतो आणि दुसऱ्या लेखनिकाच्या हातावर मॉडेल कोसळतं. वेगळ्या हाताची, वेगळ्या वर्षाची, डाग पडलेली वीस पानं आधीच बाजूला काढून ठेवा, त्यांना शिकवणीत हात लावू नका. आणि नावं व आकडे यांची चूक वेगळी मोजा. ‘आणि’ चुकलं तर वाचणारा सावरून घेतो. ३०० चे ८०० झाले तर कोणालाच पत्ता लागत नाही.

देवनागरीत मोजमापाचाच घोळ आहे. ‘स्त्री’ डोळ्यांना एक अक्षर, संगणकाला सहा खुणा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई. दीर्घाच्या जागी ऱ्हस्व आलं तर खुणांच्या हिशोबात सहावा भाग चुकला, अक्षराच्या हिशोबात अख्खं अक्षर. दोन अहवालांची तुलना करताना कोणता हिशोब धरला हे विचारलंच पाहिजे. याहून छुपा त्रास ‘दुसऱ्या’मधल्या त्या झुपकेदार र चा. तो दोन प्रकारे टंकला जातो: एक नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, शोधात मात्र एकाला दुसरा सापडत नाही. ‘ॲ’ चंही तसंच, एक अखंड खूण किंवा अ वर चंद्र. चार जण मिळून टंकत असतील तर पहिल्याच दिवशी एक रूप ठरवा आणि शेवटी सगळ्या मजकुरावरून बदलाची एक आज्ञा फिरवा. फक्त ‘आहे तसं’च्या रकान्यात शुद्धलेखन सुधारू नका. इथे बदलायची ती संगणकातली खूण, लेखनिकाची वेलांटी नव्हे.

मोठी भाषामॉडेलं आता हस्ताक्षरं वाचतात, पुष्कळदा आश्चर्य वाटावं इतकी बरी. पण त्यांची चूक वेगळ्या जातीची असते. जुनी यंत्रणा अडली की निरर्थक अक्षरं ओकायची, ते डोळ्यांत खुपायचं. भाषामॉडेल अडलं की तिथे शोभेल असा शब्द घालतं, जुनं रूप गुपचूप आधुनिक करतं, फाटलेल्या कोपऱ्यातलं वाक्य पूर्ण करून देतं. मजकूर जितका नितळ, तितकी तपासणी कडक हवी. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या १६७४ ते १९१३ या काळातल्या खटल्यांचे छापील वृत्तान्त वेबवर आणताना जुन्या भागासाठी सगळा मजकूर दोनदा, स्वतंत्रपणे टंकून घेतला आणि फरक पडला तिथेच माणसाने मूळ पान बघितलं. नंतरच्या भागात एक टंकन आणि एक यंत्रवाचन अशी जोडी लावली. हीच युक्ती आजही चालते: दोन वेगळ्या यंत्रणांकडून वाचून घ्या, दोन्ही मजकूर शेजारी लावा, जिथे पटत नाही तिथे डोळे लावा. दोघींनी एकच चूक केली तर ती निसटेल, म्हणून ती वीस पानं हाताने तपासायचीच.

माणसं आणि गावं यांबद्दल थोडक्यात, कारण तत्त्व तेच आहे. ‘व्यक्ती’ आणि ‘उल्लेख’ अशा दोन याद्या ठेवा. कागदात येतो तो उल्लेख. तीन पत्रांतले तीन ‘बाळाजी’ एकच की तिघं, हा तुमचा निष्कर्ष, आणि तो उद्या मोडता आला पाहिजे. ओपनरिफाइन हा माहिती साफ करायचा प्रोग्रॅम सारख्या दिसणाऱ्या नावांचे गट करून देतो, पण ‘एकत्र करा’ दाबण्याआधी रकान्याची प्रत करा आणि प्रतीवरच प्रयोग करा. केलेल्या प्रत्येक पायरीची नोंद हा प्रोग्रॅम ठेवतो. ती नोंद काढून माहितीसंचासोबत जपली की कोणालाही तुमची वाट पुन्हा चालून बघता येते. गावांच्या बाबतीत दशांशस्थळांपासून सावध राहा. अक्षांशाची सहा दशांशस्थळं म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर. नदीने पात्र बदललं, वस्ती टेकडीवरून खाली आली, आणि आपण अठराव्या शतकातलं गाव वीतभर जागेत ठोकून बसवतो. कुठल्या स्रोतावरून आणि किती किलोमीटरच्या अदमासाने, हे शेजारच्या रकान्यात हवं.

आता नोकरीची बाजू. इतक्या कामातून बढतीच्या फॉर्ममध्ये काय दिसतं? बहुतेक वेळा एक ओळ, तीही ‘इतर’ या मथळ्याखाली. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने २०१५ साली डिजिटल कामाच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतला मुद्दा असा की असं काम ज्या माध्यमात केलं त्याच माध्यमात तपासावं. समितीतल्या सभासदाने वेबसाइटची छापील पानं चाळून मत देऊ नये. पण सूचना आहेत म्हणून समित्या त्या वाचतात असं नाही. तेव्हा माहितीसंच सुटा प्रकाशित करा. झेनोडो हे संशोधनाची माहिती ठेवायचं वेब-भांडार (युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने चालवलेलं, २०१३ पासून) प्रत्येक आवृत्तीला कायमचा डीओआय, म्हणजे संदर्भासाठीचा ओळखक्रमांक, देतं आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत जागा देतं. सोबत चार-पाच हजार शब्दांचा लेख, त्यात माहिती कशी जमवली, कुठे थांबलो, काय गाळलं. त्या लेखाचा संदर्भ देता येतो, तो तपासला जातो आणि फॉर्ममध्येही बसतो.

श्रेय कोणाचं हेही कामाच्या आधी लिहून ठेवा. क्रेडिट नावाच्या वर्गीकरणात १४ भूमिका आहेत: संकल्पना, माहितीची देखभाल, सॉफ्टवेअर, पडताळणी वगैरे. ज्या विद्यार्थिनीने आठशे पत्रं टंकली तिचं नाव ‘आभार’मध्ये नव्हे, माहितीसंचाच्या कर्त्यांत यायला हवं. पीएचडी करणाऱ्यांना एक रोखठोक सल्ला: वेबसाइट बांधू नका. नीटनेटकी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल), तिच्या प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारं दोन पानी टिपण आणि प्रबंध एवढं पुरे. वेबसाइट तीन वर्षं खाते आणि परीक्षक ती उघडत नाहीत. सीएसव्ही यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या, सांकेतिक पद्धतीत ठेवा आणि एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडू नका, आयातीच्या वाटेने उघडा. नाहीतर देवनागरीची चित्रविचित्र चिन्हं होतात आणि तशीच ‘सेव्ह’ केली की परत येत नाहीत.

वेबसाइट बांधायचीच असेल तर ती बंद कशी होणार हे आधी ठरवा. अनुदान दोन-तीन वर्षांचं, प्रोग्रॅमर त्यानंतर जातो. तक्त्यांवरून नकाशे करून देणारं गूगल फ्यूजन टेबल्स ३ डिसेंबर २०१९ ला बंद झालं आणि त्यावर उभे असलेले नकाशे गेले. २०२० संपताना वेबवर ॲनिमेशन चालवणारं फ्लॅश गेलं आणि त्याबरोबर हलत्या कालरेषा. डेटाबेसवर चालणाऱ्या साइट अशा एका तारखेला मरत नाहीत. सर्व्हरवरची पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा पुढे जाते, जोडलेले प्लगिन मागे राहतात, आणि एके दिवशी विद्यापीठाचा संगणक विभाग सुरक्षेच्या कारणाने साइट उतरवतो. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या ‘एंडिंग्ज’ प्रकल्पाची शिफारस म्हणूनच रुक्ष आहे: काम चालू असताना हवा तो डेटाबेस वापरा, पण प्रकाशित करताना सगळं साध्या एचटीएमएल पानांत ओता. मागे डेटाबेस नको, दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येणारी स्क्रिप्ट (पान चालवणारा कोड), नकाशा किंवा फॉन्ट नको. शोधसुद्धा आधीच तयार केलेल्या सूचीवर चालायला हवा.

तपासायची रीत अशी. पूर्ण साइटचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, ज्या संगणकावर प्रकल्पाचं काम कधीच झालं नाही असा एखादा उसना घ्या, नेट बंद करा आणि पहिलं पान उघडा. पत्राचा फोटो दिसतो का, शेजारी ‘आहे तसं’ आणि ‘समजलं तसं’ हे दोन्ही रकाने येतात का, ‘इहिदे सितैन’ शोधल्यावर जून आणि जानेवारी दोन्हीकडचे कागद निघतात का, हे पाहा. नकाशाच्या जागी करडी चौकट आली तर तो अजून कुणाच्या तरी सर्व्हरवरून येतोय. त्याचं साधं चित्र करून फोल्डरमध्ये ठेवा आणि पुन्हा उघडून बघा.